भूगोल हा विषय का घ्यावा?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी धाराशिव येथे केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांस उपदेश करण्याची आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. 'पुष्कळ शिका, नाव कमवा, समाजाचे ऋण विसरू नका' असा तो उपदेश असतो. तो खोटा नाही. परंतु इतक्या वेळा झाला आहे की मुलांच्या कानांवर पडूनही तो मनापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आज आम्ही एक लहानसा, नेमका आणि थोडासा वादाचाही विषय निवडला आहे. दहावी झाल्यावर मुलामुलींनी जे विषय घ्यावयाचे असतात, त्यांत भूगोलास स्थान असावे की नसावे, एवढाच तो प्रश्न.

कोणी म्हणेल, हा काय संमेलनात बोलण्याचा विषय झाला? परंतु सत्कारार्थी मुलांची जी यादी कार्यवाहांनी आमच्या हाती दिली आहे, ती पाहावी. टक्केवारीच्या रकान्यापुढे शाखेचा रकाना आहे, आणि त्यात वरपासून खालपर्यंत 'विज्ञान', 'विज्ञान' असेच लिहिलेले आहे. कला शाखेचे नाव बोटाने शोधावे लागते. विज्ञानाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु पन्नास घरांतील पन्नास मुले निरनिराळ्या आवडीची, निरनिराळ्या बुद्धीची असताना सर्वांनी एकच वाट धरावी, हे मुलांनी ठरविले नसून आपण वडीलधाऱ्यांनी त्यांच्यासाठी ठरविले आहे, असे मानण्यास जागा आहे.

भूगोलाची तर विशेषच उपेक्षा होते. दहावीपर्यंत तो सर्वांस सक्तीने शिकावा लागतो, आणि अलीकडच्या रचनेत त्याच्या लेखी परीक्षेच्या वाट्यास चाळीस गुण येतात. इतिहास आणि नागरिकशास्त्राचे शेपूट म्हणून तो अभ्यासिला जातो. परीक्षेच्या आदल्या रात्री नकाशात ब्राझीलच्या नद्या भरल्या की झाले, अशी समजूत असते. २०२० सालची हकीकत आपणांस आठवत असेल. मार्चच्या २३ तारखेस दहावीचा अखेरचा पेपर भूगोलाचा होता. करोनाच्या साथीमुळे तो आधी पुढे ढकलला गेला व मग रद्द झाला, आणि विद्यार्थ्यांस इतर विषयांच्या सरासरीवरून गुण देण्यात आले. त्या वेळी दुसरा उपाय नव्हता हे खरे. परंतु त्या बातमीने घरोघरी जो आनंद झाला, तो आम्हांस विचार करावयास लावणारा वाटला. गणिताचा पेपर रद्द झाला असता तर पालक चिंतेत पडले असते. भूगोलाचा रद्द झाला तेव्हा 'बरे झाले, सुटलो' असे उद्गार निघाले. ज्या विषयातून सुटल्याचा आनंद होतो, तो विषय आपणांस कधी शिकविलाच गेला नाही असे समजावे.

मग भूगोल म्हणजे आहे तरी काय? राजधान्यांची नावे पाठ करणे म्हणजे भूगोल नव्हे, ते केवळ पाठांतर झाले. एखादी गोष्ट कोठे आहे, ती तेथेच का आहे, आणि ती तेथे असल्यामुळे माणसांच्या जगण्यावर काय परिणाम झाला, ह्या तीन प्रश्नांचा पद्धतशीर विचार म्हणजे भूगोल. हे तीन प्रश्न घेऊन आपण आपल्याच जिल्ह्यात फिरून पाहू. कारण काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली स्थिती आहे.

बालाघाटाचा डोंगर आपण रोज पाहतो. तुळजापूरची आई त्याच डोंगरावर उभी आहे. परंतु हा डोंगर पाणी वाटणारा आहे, हे कितीजणांच्या ध्यानात येते? त्याच्या एका अंगास पडलेला पाऊस तेरणेत जातो, तेरणा मांजरेस मिळते, आणि मांजरा पुढे तेलंगणात जाऊन गोदावरीस मिळते. दुसऱ्या अंगाचे पाणी सीना आणि बोरी ह्या नद्यांवाटे भीमेस व भीमेबरोबर कृष्णेस जाते. एकाच ढगातून, एकाच माथ्यावर पडलेले दोन थेंब अशा रीतीने वेगळे होतात, शेकडो कोस निरनिराळ्या प्रांतांतून जातात आणि अखेर बंगालच्या उपसागरात पुन्हा जवळ येतात. ही केवळ मौजेची गोष्ट नव्हे. मराठवाड्याचा बहुतेक भाग गोदावरीच्या खोऱ्यात मोडतो. आपल्या जिल्ह्याचा मोठा हिस्सा मात्र कृष्णेच्या खोऱ्यात आहे. कृष्णेच्या पाण्यावर मराठवाड्याचा हक्क कोणत्या आधारावर सांगितला जातो, कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचनाची योजना कशासाठी मांडली गेली, हे ह्या पाणलोटाच्या रेषेवाचून समजत नाही. वर्तमानपत्रातील पाण्याचे भांडण ज्यास समजून घ्यावयाचे आहे, त्याने प्रथम नकाशा उघडला पाहिजे.

आपल्या पायाखालच्या दगडाचेही तसेच. हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून बाहेर आलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. त्याची झीज होऊन आपली काळी कसदार जमीन झाली, हे त्याचे देणे. परंतु तो दगड मुळात घट्ट आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या भागात आणि भेगांमध्ये. वाळूच्या प्रदेशासारखे खोल खोल पाण्याचे साठे येथे नाहीत. म्हणून शेजाऱ्याच्या विंधनविहिरीस दोनशे फुटांवर पाणी लागले आणि आपली सहाशे फूट जाऊनही कोरडी राहिली, असे घडते. आपण त्यास नशीब म्हणतो, पानाड्यास बोलावतो, नारळ फिरवितो, आणि कर्ज काढून तिसरे भोक पाडतो. खडकाची रचना आणि पाणलोटाचा उतार समजणारा एक मुलगा वा मुलगी घरात असती, तर त्यातील निदान एका भोकाचा खर्च वाचला असता. पाणी सापडेलच अशी हमी भूगोल देत नाही. कोठे शोधणे व्यर्थ आहे एवढे मात्र तो बऱ्याच अंशी सांगू शकतो.

भूमच्या बाजूचा खवा आपण साऱ्यांनी चाखला आहे. हा धंदा त्या माळरानावरच का वाढला? पाऊस कमी, जमीन हलकी, म्हणून पिकापेक्षा गुराढोरांवर भर. दूध निघते, परंतु ते लवकर नासते, आणि मोठ्या शहराची बाजारपेठ दूर. तेव्हा दूध आटवून त्याचा खवा करावा, म्हणजे वजन घटते, टिकाऊपणा वाढतो आणि दूरवर पाठविणे परवडते. ज्या बायाबापड्यांनी भट्टीवर कढई ठेवून हा धंदा उभा केला त्यांनी भूगोलाचे पुस्तक वाचले नव्हते. परंतु बाजाराचे अंतर, मालाचे वजन आणि टिकण्याचा काळ ह्यांचे जे गणित भूगोलात शिकवितात, तेच त्यांनी अनुभवाने सोडविले होते. उस्मानाबादी शेळीची कीर्ती देशभर पसरली, तिच्या मुळाशीही हाच कोरडा माळ आहे.

आता तेरकडे वळू. गोरोबाकाकांचे तेर म्हणून आपण तेथे हात जोडतो, ते योग्यच आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या सागरी प्रवासाच्या ग्रंथात 'तगर' नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथून कापड भडोचच्या बंदरास जाते, असे त्याने नोंदविले. पुढे शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे तगर कोठले, ह्यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लीट ह्या संशोधकाने ते आपले तेरच, असे साधार मांडले. दिशा, अंतर आणि वाटा ह्यांचा मेळ घातल्यावाचून हा निर्णय होण्यासारखा नव्हता. म्हणजे आपल्या गावाचे हरवलेले मोठेपण परत मिळवून देण्यात भूगोलाचा हात आहे. आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहावयास मिळतात. आपल्यापैकी किती घरांनी आपली मुले तेथे नेली आहेत, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

सीमा आणि नावे ह्यांचाही भूगोल असतो. आपल्या जिल्ह्याचे ठाणे पूर्वी नळदुर्गास होते. १८५३ ते १८६० ह्या काळात तो निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला होता, आणि मेडोज टेलरने येथे कारभार पाहिला. जिल्ह्याची पश्चिम सीमा ही १९४८ पर्यंत निजामी राज्य आणि मुंबई इलाखा ह्यांची सीमा होती. बार्शीस बाजाराला जाणे म्हणजे त्या काळी दुसऱ्या राज्यात जाणे होते. आमच्या पिढीने शाळेत जिल्ह्याचा नकाशा काढला तेव्हा लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे सारे आपल्याच जिल्ह्यात असत. १९८२ साली लातूर वेगळा झाला. २०२३ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. नकाशा ही कायमची वस्तू नसून माणसांनी वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांची नोंद आहे, हे ज्याने ओळखले, तो सरकारी कागद पाहून गोंधळत नाही.

ह्यापुढची गोष्ट सांगताना मन जड होते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ह्या सभेतील वडीलधाऱ्यांपैकी कोणीही विसरलेले नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे निजली होती. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास धरणी हादरली. किल्लारी लातूर जिल्ह्यातील. परंतु आपल्याकडील सास्तूर, होळी, पेठसांगवी आणि आसपासची गावेही उद्ध्वस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो जीव गेले. ह्या सभेतही अशी घरे आहेत की ज्यांच्या देव्हाऱ्याशेजारी त्या तारखेची तसबीर टांगलेली आहे.

त्या आधी आपणांस काय सांगण्यात आले होते? दख्खनचे पठार हा अतिप्राचीन, स्थिर भूभाग. तेथे मोठे भूकंप होत नाहीत. देशाच्या तत्कालीन भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या परिसरात हादरे बसू लागले होते, तरी मोठे काही होईल असे कोणास वाटले नाही. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तेथे खोल वेधन घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटरांखाली काळा दगड संपून त्याखालचा प्राचीन खडक लागला. पुढे २००२ साली सुधारलेल्या नकाशात ह्या भागाचा धोका वरच्या पट्ट्यात नेण्यात आला.

भूगोल शिकलेल्या मुलांनी तो भूकंप आधी सांगितला असता, असे आम्ही म्हणत नाही. भूकंपाची वेळ जगात कोणासही सांगता येत नाही. परंतु माणसे मेली ती केवळ धरणी हलली म्हणून नव्हे. मातीत रचलेल्या गोट्यांच्या दोन-दोन फूट रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ह्याखाली ती गाडली गेली. उन्हाळ्यात गारवा देणारे घर भूकंपात थडगे झाले. घर कोठे बांधावे, कशाने बांधावे, दगडास दगड कसा जोडावा, छपराचे ओझे किती असावे, हे ज्ञान गावात असते तर प्राणहानी पुष्कळ कमी झाली असती. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. तेथेही शेतापासूनचे अंतर, पाण्याची सोय, जुन्या आळीची शेजारधर्माची वीण ह्यांचे प्रश्न उभे राहिले. आणि हे सारे प्रश्न भूगोलात 'मानवी वस्ती' ह्या प्रकरणाखाली शिकविले जातात. ज्या विषयाच्या अज्ञानाने आपल्या माणसांचा बळी घेतला, त्यास 'उरलेला विषय' म्हणण्याचा अधिकार निदान आपल्या जिल्ह्यास नाही.

आणि संकटे काही संपलेली नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरेचे धरण आटले होते. त्यानंतर दहा वर्षे होण्याच्या आत, २०२५ च्या सप्टेंबरात, ज्या परंडा-भूम भागास आपण कायमचा दुष्काळी म्हणत होतो, तेथे नद्यांनी गावे वेढली आणि शेतातील माती वाहून गेली. दुष्काळ आणि पूर एकाच अंगणात आलटून पालटून येऊ लागले असता, पाऊस, उतार, नदीचे पात्र आणि माणसाची वस्ती ह्यांचा एकत्र विचार करणारी माणसे गावोगाव लागतील. ती मुंबई-पुण्याहून येणार नाहीत. ती आपल्या घरांतूनच तयार झाली पाहिजेत.

आता व्यवहाराकडे येऊ. कारण पालकांच्या मनातील शंका आम्ही जाणतो, आणि त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. आपल्याच समाजातील एका घरी गेल्या वर्षी जे घडले ते, नावे न सांगता, येथे सांगतो. मुलीस दहावीस नव्वद टक्क्यांच्या वर गुण होते. तिने घरी सांगितले, 'मी कला शाखेत जाऊन भूगोल घेणार.' घरात अबोला पडला. आजी म्हणाली, 'एवढे गुण मिळवून पोर भूगोल शिकणार, मग मार्क कशाला मिळवले?' मामांनी लातुरास शिकवणीवर्गाची चौकशी करून ठेवलीच होती. वडील कोरडवाहू शेतकरी; ते आमच्याकडे आले आणि त्यांनी तीन प्रश्न विचारले. ते प्रश्न साऱ्यांचेच आहेत, म्हणून त्यांची उत्तरे साऱ्यांपुढे देतो.

पहिला प्रश्न : 'हा विषय कमी गुणांच्या मुलांचा नव्हे काय?' तसा समज आहे खरा. परंतु अकरावीच्या पुस्तकात काय आहे ते पाहावे. बालभारतीने २०१९ साली काढलेल्या अकरावीच्या पुस्तकात भू-हालचाली, खडकांचे विदारण, हवामान प्रदेश, जागतिक हवामान बदल, हिंदी महासागर, आपत्ती व्यवस्थापन असे विषय घेतले. पुढच्या वर्षी आलेल्या बारावीच्या पुस्तकात लोकसंख्या, मानवी वस्ती, शेतीपासून उद्योगांपर्यंतच्या आर्थिक क्रिया आणि प्रादेशिक विकास हे विषय आले. लेखी परीक्षेच्या ८० गुणांबरोबर २० गुणांचे प्रात्यक्षिक ठेवले गेले. नकाशा वाचणे, प्रमाण काढणे, आकडेवारीचे आलेख व आकृत्या करणे, हे हातांनी करावे लागते. हे काम मंदबुद्धीचे नाही. त्यास गणिताची शिस्त, भाषेचा नेमकेपणा आणि डोळ्यांची सवय ही तिन्ही लागतात. जेथे सोय आहे तेथे विज्ञान वा वाणिज्य शाखेतील मुलांनीही हा विषय घेता येतो काय, ह्याची चौकशी अवश्य करावी.

दुसरा प्रश्न : 'पोट भरेल काय?' येथे आम्ही गोड बोलून कोणास फसविणार नाही. केवळ बारावीस भूगोल घेतला म्हणून नोकरी दारी येत नाही. केवळ विज्ञान घेतले म्हणूनही ती येत नाही, हे शिकवणीवर्गांवर लाखो रुपये खर्चून परत आलेल्या घरांस ठाऊक आहे. परंतु वाटा आहेत. शिक्षकाची वाट जुनी आहे, पण तेथे जागा थोड्या. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत भूगोलाचा भाग मोठा असतो. केंद्राच्या मुख्य परीक्षेत तो ऐच्छिक विषय म्हणूनही घेता येतो, आणि पुष्कळ उमेदवार तो घेतात. नवी वाट म्हणजे उपग्रहांची छायाचित्रे आणि संगणकावरील नकाशे. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, डेहराडूनची सुदूर संवेदन संस्था, पुण्याची भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा, ह्या संस्थांच्या कामाच्या मुळाशी भूगोल आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत देशभर गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी सुरू झाली. तिचा धडा महाराष्ट्रानेच पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावी आधी गिरविला होता. पीकविमा, रस्ते, जलवाहिन्या, निवडणुका, मालाची ने-आण, ज्या ज्या ठिकाणी 'कोठे' हा प्रश्न येतो, तेथे तेथे हे ज्ञान लागते. मात्र त्यासाठी भूगोलाबरोबर संगणक, संख्याशास्त्र आणि इंग्रजी ह्यांची जोड द्यावी लागेल. ती न देता केवळ पदवी घेऊन बसणाऱ्यास भूगोल तारणार नाही.

तिसरा प्रश्न त्यांनी फार हळू आवाजात विचारला : 'लोक काय म्हणतील?' ह्याचे उत्तर त्या एकट्या वडिलांनी द्यावयाचे नसून आपण सर्वांनी द्यावयाचे आहे. कारण ते 'लोक' म्हणजे आपणच. संमेलनात विज्ञान शाखेच्या मुलास टाळ्या आणि कला शाखेच्या मुलीस 'असू दे, तिला झेपेल तेच घेतले' असा दिलासा, हे आपणच करतो. सोयरिकीच्या बैठकीत 'मुलगी काय करते' ह्या प्रश्नाचे उत्तर ऐकून भुवया उंचावतात, त्याही आपल्याच असतात. वडिलांना कर्जाची भीती नव्हती इतकी ह्या भुवयांची होती.

त्या मुलीने भूगोल घेतला. आज ती बारावीत आहे. गेल्या दिवाळीत तिने आपल्या शिवाराचा उतार मोजून शेताचा नकाशा काढला, आणि बांधावरून पाणी कोठे वाहून जाते ते वडिलांस दाखविले. पुढे तिचे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. तिच्या वर्गातील डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलींविषयीही कोणी सांगू शकत नाही. परंतु ती आवडीने शिकत आहे आणि तिचे शिकणे घरच्या उपयोगी पडत आहे, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. भूगोल घ्या वा न घ्या, पण पाहावयास शिका. अंगणात एक काठी सरळ रोवा. घड्याळात बारा वाजले असता तिची सावली सर्वांत आखूड नसते, हे तुमच्या ध्यानात येईल. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताचे आहे आणि आपण शहाहत्तर अंशांजवळ राहतो. एका अंशास चार मिनिटे ह्या हिशेबाने आपली खरी दुपार सरासरीने सव्वीस मिनिटे उशिरा होते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस असा एक दिवस येतो की त्या वेळी काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. हे शहाहत्तर अंशांचे रेखावृत्त धाराशिव शहराच्या थोडेसे पश्चिमेकडून जाते, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत आपला जिल्हा सत्तेचाळीस आणि छप्पन्न अशा दोन क्रमांकांच्या मालिकांत विभागला गेला आहे. ते नकाशे आता संगणकावर पाहावयास मिळतात. आपल्या गावाचा नकाशा शोधा. विहीर, देऊळ, ओढा, टेकडी ओळखा. आणि तो नकाशा झाल्यानंतर गावात काय बदलले ते आजोबांस विचारून लिहून काढा. हा अभ्यास कोणत्याही शिकवणीवर्गात मिळत नाही आणि त्यास शुल्कही पडत नाही.

ज्यांना मोठे वाचन करावयाचे आहे त्यांनी प्रा. सी. डी. देशपांडे ह्यांचे महाराष्ट्राच्या भूगोलावरील पुस्तक पाहावे. ते नॅशनल बुक ट्रस्टने १९७१ साली काढले. पुस्तक जुने झाले, आकडे बदलले, परंतु एक प्रदेश कसा न्याहाळावा हे त्यातून आजही शिकता येते. आणि कधी हिंगणघाटास जाणे झाले तर हेही आठवा की ज्या लॅम्बटनने साऱ्या हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, तो साखळी आणि दुर्बीण घेऊन चालता चालता १८२३ साली त्याच गावी वारला. नकाशावरील प्रत्येक रेषेमागे असे कोणाचे तरी चालणे असते.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, आपल्या शिष्यवृत्त्या व पारितोषिके शाखा पाहून न देता गुण आणि गरज पाहून द्यावीत, आणि भूगोलात उत्तम गुण मिळविणाऱ्या एका विद्यार्थ्यास वा विद्यार्थिनीस स्वतंत्र पारितोषिक ठेवावे. त्याची पहिल्या पाच वर्षांची रक्कम आम्ही देऊ. दोन, मंडळाच्या वाचनालयात जिल्ह्याचे आणि तालुक्यांचे मोठे नकाशे, एक चांगला पृथ्वीगोल आणि एक होकायंत्र असावे. लग्नकार्यात एका मांडवाच्या फुलांवर जेवढा खर्च होतो त्याहून हा अधिक नाही. तीन, दरवर्षी संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी मुलांची एक सहल काढावी. एका वर्षी तेर, एका वर्षी नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल, एका वर्षी येडशीचा घाट, आणि एका वर्षी सास्तूर. सास्तूरला जाताना मुलांबरोबर आजी-आजोबांनीही जावे, म्हणजे जे पुस्तकात नाही ते मुलांस तेथेच ऐकावयास मिळेल.

आपल्या पूर्वजांनी ही भूमी कष्टाने कसली, हिच्यावर दुष्काळ सोसले, भूकंपही सोसला. हिच्यापासून दूर जाण्यासाठीच मुलांनी शिकावे, असे आपण न कळत त्यांच्या मनावर ठसवीत आलो आहोत. जे जातील त्यांनी सुखाने जावे, मोठे व्हावे. परंतु ह्या भूमीचा स्वभाव ओळखणारी, तिचे पाणी, दगड आणि वाटा जाणणारी चार मुले तरी दरवर्षी आपल्या समाजातून निघावीत, आणि त्यांना घरातून विरोध न होता आशीर्वाद मिळावा, एवढी विनंती करतो.